महामार्ग सोडून : नांदेड ते लातूर, कंधार-उदगीरमार्गे

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या व्यापाऱ्याला आज वाट विचारावी लागत नाही. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर या गावांना स्पर्श करीत किंवा त्यांना वळसा घालीत राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ त्याला सुमारे १४० किलोमीटरवर लातुरात सोडतो. सकाळी नांदेडच्या मोंढ्यातील भाव पाहून निघालेला गृहस्थ दुपारच्या सौद्याला लातूरच्या मोंढ्यात हजर होऊ शकतो. काम आटोपून तो सूर्यास्ताच्या आत घरी परततो आणि त्याचा चौविहारही सांभाळला जातो. या सोयीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मालाच्या गाड्या वेळेवर पोहोचतात आणि आजारी माणसाला मोठ्या रुग्णालयात लवकर नेता येते. ज्यांनी खड्ड्यांतून आणि धुळीतून हा प्रवास केला आहे, त्यांना या रस्त्याचे मोल अधिक कळते.

परंतु याच दोन शहरांना जोडणारी दुसरी एक वाट आहे. ती नांदेडहून गोदावरी ओलांडून उस्माननगरमार्गे कंधारला जाते. तेथून जांब, जळकोट करीत बालाघाटच्या टेकड्यांतून उदगीर गाठते आणि पुढे नळेगावावरून लातूरकडे वळते. ही वाट चाळीसेक किलोमीटर अधिक लांब आहे. गावे, बाजार आणि वळणे लक्षात घेता जाणाऱ्याचा जवळजवळ निम्मा दिवस जास्त मोडतो. तरीही मराठवाड्यातील अनेक व्यापारी घराण्यांचा जुना पत्ता याच वाटेवर आहे. कोणाच्या आजोबांचे कापडाचे दुकान कंधारला होते, कोणाची आडत उदगीरला, तर कोणाचा उधारीचा व्यवहार मुखेड-जळकोटच्या आठवडी बाजारात. पुढे घराणी नांदेड, लातूर, पुणे, हैदराबाद येथे स्थिरावली. नव्या पिढीला गावाचे नाव ठाऊक असते, पण गावाकडे जाणारा रस्ता ठाऊक नसतो.

जुनी वाट जपण्याची कल्पना अन्य देशांतही रुजलेली आहे. अमेरिकेत नॅशव्हिलपासून मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेज गावापर्यंत नॅचेज ट्रेस पार्कवे नावाचा ४४४ मैलांचा, म्हणजे सुमारे ७१५ किलोमीटरचा रस्ता आहे. तेथील मूळ रहिवाशांची ती पायवाट होती. पुढे ओहायो खोऱ्यातील शेतकरी व व्यापारी आपला माल तराफ्यांवर लादून नदीतून नॅचेजला आणीत. माल विकला की तराफ्याचे लाकूडही विकून टाकीत आणि कमाई कमरेला बांधून याच वाटेने शेकडो मैल पायी घरी परतत. बाष्पनौका आल्या आणि ती वाट ओस पडली. गेल्या शतकात तिच्या कडेने नवा रस्ता बांधण्यात आला, तो २००५ साली पूर्ण झाला. त्यावर मालट्रकना मनाई आहे आणि वेगाची कमाल मर्यादा ताशी ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर आहे. घाई असणाऱ्याने शेजारचा मोठा महामार्ग धरावा, अशीच तेथील रीत आहे. मराठवाड्यात असा राखीव रस्ता कोणी बांधलेला नाही. येथे तो प्रवाशानेच निवडायचा असतो आणि त्याची मर्यादाही त्यानेच पाळायची असते.

गोदावरीच्या पलीकडे

या वाटेने जायचे तर सूर्योदयानंतर लवकर निघणे हिताचे. नांदेडचा जुना भाग गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेला आहे. येथेच १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांनी देह ठेवला. महाराजा रणजितसिंग यांच्या काळात उभारलेला सचखंड गुरुद्वारा आज देशोदेशीच्या शीख भाविकांचे तीर्थ आहे. नदी ओलांडून दक्षिणेला लागले की नव्या वसाहती मागे पडतात आणि काळ्या जमिनीचा विस्तार सुरू होतो. पावसाळ्यानंतर सोयाबीन आणि कापूस, त्यांच्यामध्ये तुरीच्या उभ्या ओळी, हिवाळ्यात हरभरा, करडई आणि ज्वारी. मोंढ्यात ज्या धान्याची केवळ मूठ हातात घेऊन प्रत पाहिली जाते, ते येथे मुळांवर उभे दिसते. तुरीला फुलोरा किती आहे, कोणत्या पट्ट्यात पाऊस कमी झाला, सोयाबीन काढून कोणी हरभरा पेरला, हे सारे गाडीच्या काचेतून वाचता येते. पूर्वीचे आडते हंगामाआधी एक फेरी अशीच मारीत. त्या फेरीला बाजारभावाच्या अंदाजात मोठी किंमत होती.

शिदोरी घरूनच न्यावी. या वाटेवर चहाच्या टपऱ्या पुष्कळ आहेत, परंतु कांदा-लसणाविना जेवण मिळेलच असे नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गाळून उकळलेले पाणी बरोबर असले की कोठल्याही चिंचेखाली पंगत बसते.

कंधार : भुईकोट आणि जगत्तुंग सागर

नांदेडपासून सुमारे ५० किलोमीटरवर, मन्याड नदीच्या खोऱ्यात कंधार आहे. गावालगतच भुईकोट किल्ला आहे. त्याभोवतीचा रुंद खंदक पाण्याने भरलेला दिसतो आणि दुहेरी तटबंदीवरून चालताना या पाण्याचे मोल ध्यानात येते. किल्ल्याची मूळ उभारणी राष्ट्रकूटांकडे, विशेषतः तिसऱ्या कृष्णाकडे जाते, असे मानले जाते. या राजाचा काळ इ. स. ९३९ ते ९६७. त्याच्या काळातील एक शिलालेख कंधारला मिळाला असून त्यात येथील देवालयांची आणि त्यांना दिलेल्या दानांची नोंद आहे. गावाजवळच्या विस्तीर्ण तलावाला आजही लोक जगत्तुंग सागर म्हणतात. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद होते. हजार वर्षांपूर्वीचे एक राजबिरुद शेतकऱ्याच्या आणि गुराख्याच्या तोंडी अद्याप टिकून आहे. क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे अवशेषही येथे सापडले आहेत. केवळ तिच्या पावलांवरून मूळ मूर्तीच्या उंचीची कल्पना येते. राष्ट्रकूटांनंतर यादव, बहमनी, निजामशाही आणि आसफजाही अशा राजवटी या कोटाने पाहिल्या. त्यामुळे एकाच तटात अनेक शतकांचे दगड एकमेकांशेजारी बसलेले आढळतात.

जैन वाचकाला कंधारचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटावे. या परिसरात जैन शिल्पेही मिळाली आहेत. ज्या राजवंशाने हा कोट बांधला, त्याच्या छायेत जैन वाङ्मयाचा एक वैभवशाली काळ घडला. पहिला अमोघवर्ष हा आदिपुराणकर्ते आचार्य जिनसेन यांचा शिष्य होता. जयधवला टीका इ. स. ८३७ मध्ये पूर्ण झाली, ती त्याच्याच राज्यकाळात. तिसऱ्या कृष्णाच्या काळात, इ. स. ९५९ मध्ये, सोमदेवसूरींनी यशस्तिलकचंपू पूर्ण केला. त्याच सुमारास मान्यखेट राजधानीत महाकवी पुष्पदंत अपभ्रंश भाषेत महापुराण रचू लागले होते.

व्यापारी कुटुंबांना अधिक जवळचे वाटावे असे नाव महावीराचार्यांचे आहे. अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकाच्या मध्यास, त्यांनी गणितसारसंग्रह हा ग्रंथ लिहिला. व्यापारापासून पाकशास्त्रापर्यंत सर्व व्यवहारांत गणित कसे उपयोगी पडते, हे ते आरंभीच सांगतात. पुढे व्याज, भागीदारीतील नफ्याची वाटणी, सोन्याचा कस, मिश्रणातील प्रमाण अशी उदाहरणे येतात. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घरात या ग्रंथाचे नाव क्वचितच घेतले जाते. कंधारच्या तटावर उभे राहून मुलांना ते सांगता येईल. किल्ला आणि हिशेबाची वही ही एकाच काळाची दोन अंगे होती, हे तेथे समजावणे सोपे जाते.

बालाघाटातील गावे

कंधारहून पुढे रस्ता चढू-उतरू लागतो. बालाघाटच्या या टेकड्या फार उंच नाहीत, पण उघड्या माळावर त्यांचे रंग ऋतूगणिक पालटतात. श्रावणात हिरव्या, दिवाळीला सीताफळांनी भरलेल्या, फाल्गुनात पळसाने पेटलेल्या आणि वैशाखात करड्या. जांब आणि जळकोट ही या टप्प्यातील ठळक ठिकाणे. एरवी रस्त्याच्या कडेला शाळा, मारुतीचे देऊळ, पिंपळाचा पार आणि पिठाची गिरणी असलेली लहान गावे लागतात. बाजारच्या दिवशी गाडी आपोआप मंदावते, कारण रस्त्याचाच काही भाग बाजार झालेला असतो.

हा भाग गुराढोरांसाठी नावाजलेला आहे. कंधार तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी लाल कंधारी गोवंशाची जात गडद तांबड्या रंगाची, मध्यम बांध्याची आणि कामाला चिवट. उदगीरशेजारच्या देवणी तालुक्याने आपले नाव देवणी जातीला दिले. तिच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके किंवा पट्टे असतात. कमी चारापाण्यावर तग धरणारे हे गोधन कोरडवाहू शेतीचा आधार होते. ट्रॅक्टर आल्यावर बैलांची गरज घटली आणि गाईंची संख्याही रोडावली. गोशाळा व पांजरपोळांना वर्षानुवर्षे दान देणाऱ्या घराण्यांनी ही जनावरे त्यांच्या मूळ गावात, पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या दावणीला एकदा तरी पाहावीत. देशी जात टिकते ती पाळणाऱ्याला परवडले तर. ते परवडते की नाही, हे त्या गोठ्यातच कळते.

याच टप्प्यावर वाटेतील आणखी एका प्रवाशाचा विचार करावा लागतो. चातुर्मास संपला की मुनी, आर्यिका, साधू आणि साध्वी विहाराला निघतात. वाहन त्यांना वर्ज्य आहे. नांदेडहून उदगीर ११०-११५ किलोमीटर. दिवसाला बारा-पंधरा किलोमीटरच्या बेताने आठ-नऊ दिवसांचा विहार होतो. त्या प्रत्येक दिवशी आहाराची, उकळलेल्या पाण्याची आणि रात्रीच्या निवाऱ्याची सोय लागते. वाटेत श्रावकांची घरे असतीलच असे नाही. तेव्हा गावची शाळा, देवळाचा सभामंडप किंवा एखाद्या शेतकऱ्याची ओसरी उपयोगी पडते. जैनेतर ग्रामस्थ अनवाणी चालणाऱ्या या पाहुण्यांना आदराने ठेवून घेतात. सकाळी वेशीपर्यंत पोहोचवायलाही येतात.

महामार्गाने या विहाराचे स्वरूप बदलले आहे. वळणरस्त्यांमुळे गावे दूर गेली आणि कडेची झाडे तुटली. तापलेल्या सिमेंटवर अनवाणी पायांना सावली उरली नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात भरधाव वाहनाच्या धडकेने साधू-साध्वी कालधर्म पावल्याच्या वार्ता देशाच्या अनेक भागांतून येत असतात. प्रत्येक वार्तेनंतर समाज हळहळतो. अनेक शहरांत तरुणांनी विहार सेवा पथके उभी केली आहेत. चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे घालून ते पुढे-मागे चालतात आणि वाहनांना इशारा देतात. हे काम मोलाचे आहे. मात्र जे कुटुंब सकाळी विहारात चार पावले चालून पुण्य जोडते, त्याच कुटुंबाची गाडी दुपारी त्याच रस्त्यावरून कोणत्या वेगाने जाते, हा प्रश्नही त्यासोबत उरतो.

साधूंच्या आचारात ईर्यासमितीला पहिले स्थान आहे. चार हात पुढची जमीन पाहून, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही असे पाऊल टाकायचे. गृहस्थाकडून तेवढी अपेक्षा नाही. तरी ताशी १०० किलोमीटरच्या वेगात पुढे धावणारे कुत्र्याचे पिलू, रस्ता ओलांडणारी मुंगसाची जोडी किंवा कडेने चालणारे माणूस दिसले, तरी गाडी आवरता येत नाही, हे चालविणाऱ्याला ठाऊक असते. कंधार-जळकोटच्या वळणांवर वेग मुळातच कमी ठेवावा लागतो. जेथे पाहायला वेळ मिळतो, तेथे थांबायलाही मिळतो.

मात्र जुनी वाट आपोआप सुरक्षित असते, असा समज करून घेऊ नये. ती अरुंद आहे. मध्ये दुभाजक नाही. उसाने भरलेले ट्रॅक्टर दिव्यांविना समोर येतात आणि अंधारात बैलगाडी दिसत नाही. काही टप्प्यांचे रुंदीकरण झाले असून तेथे वेग वाढला आहे. महामार्गाचा वेग घेऊन कोणी या वाटेवर आला, तर तो स्वतःलाही आणि गावालाही संकटात टाकील. वेळ नसेल तर महामार्गच बरा. जुनी वाट धरायची तर वेळ सोबत घेऊनच धरावी आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

उदगीर

दुपारपर्यंत उदगीर येते. हे गाव कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमेजवळ असल्याने बाजारात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दूही कानी पडते. गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलणे हा येथील दुकानदारांचा पिढीजात गुण आहे. धान्य आणि डाळीचा मोठा व्यवहार येथे चालतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले होते.

उदगीरचा किल्ला भुईकोटच आहे, पण त्याची एक बाजू दरीकडे उतरते आणि उरलेल्या बाजूंनी खोल खंदक आहे. ज्या उदागीर ऋषींवरून गावाला नाव मिळाले असे सांगतात, त्यांचा मठ किल्ल्यातच आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, ती लढाई उदगीरच्या नावाने प्रसिद्ध आहे. तहात सुमारे ६० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबादसारखा किल्ला पेशव्यांना मिळाला. हाच विजयी सेनापती पुढे उत्तरेकडे निघाला आणि वर्ष पुरे होण्याआधी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर पडला. उदगीरच्या तटावरून मोकळा माळ पाहताना यशाचे आयुष्य किती थोडे असते, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

लत्तलूरपासून मोंढ्यापर्यंत

उदगीरहून नळेगावमार्गे लातूर ६५-७० किलोमीटर. टेकड्या संपून पठार सपाट होत जाते. राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूरपुराचे स्वामी म्हणवीत. अमोघवर्षाच्या काळातील इ. स. ८६६ च्या शिलालेखात हे बिरुद येते. हे लत्तलूर म्हणजेच आजचे लातूर, असे अनेक इतिहासकार मानतात. म्हणजे कंधारच्या कोटापासून लातूरच्या वेशीपर्यंतची ही वाट एकाच राजकुळाच्या नावाने बांधलेली आहे. महामार्गावरून जाणारा नांदेडहून लातूरला पोहोचतो, तेव्हा हा धागा त्याच्या हाती लागत नाही.

लातूरचे आजचे वैभव मात्र व्यापाराचे आहे. १९११ साली बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी येथपर्यंत आली आणि मराठवाड्याचे धान्य बाहेर जाऊ लागले. गंजगोलाईच्या वर्तुळाकार बाजारातून १६ रस्ते फुटतात. सराफा, किराणा, कापड, मिरची, गूळ असे एकेका रस्त्याचे एकेक बाजार पूर्वी ठरलेले होते. तूरडाळ आणि सोयाबीनचे येथील भाव दूरच्या बाजारांतही विचारले जातात. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची पटडी चिंच आणि कास्तीची कोथिंबीर या लातूर जिल्ह्यातील उत्पादनांना अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या जिल्ह्याने दुःखेही सोसली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने गावेच्या गावे गाडली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दोन्ही प्रसंगी व्यापारी पेठांनी धान्य, कपडे आणि पाण्याच्या टाक्या घेऊन धाव घेतली.

लातुरात एक दिवस अधिक काढता आला, तर २० किलोमीटरवरचा औशाचा भुईकोट आणि पुढे निलंग्याच्या दिशेला खरोशाची प्राचीन लेणी पाहता येतात. कंधार, उदगीर, औसा असे तीन भुईकोट एका फेरीत पाहिले की मराठवाड्याच्या पठारावर राज्य करणाऱ्यांनी डोंगराऐवजी पाण्याच्या खंदकावर भिस्त का ठेवली, ते स्पष्ट होते.

पर्युषणानंतर किंवा दिवाळीच्या सुट्टीत दूरच्या सहलींचे बेत आखले जातात. त्यांत हा एक दिवस बसू शकतो. कुटुंबातील वडीलधारे सोबत असावेत, कारण कंधारच्या कोणत्या गल्लीत दुकान होते, जळकोटच्या बाजारात उधारी कोणाकडे राहायची आणि दुष्काळात ती कशी सोडून दिली, हे त्यांनाच आठवते. अशा गावांत आजही एखादा वृद्ध गिऱ्हाईक घराण्याचे नाव ऐकताच ओळख देतो, बसायला घोंगडी टाकतो आणि आजोबांच्या तराजूची आठवण काढतो. ही ओळख कोणत्याही खातेवहीत लिहिलेली नसते. वडीलधारी माणसे आणि ते गिऱ्हाईक हयात आहेत, तोवरच ती मुलांच्या हाती देता येईल.